ऑर्डरी वाढल्या, दारातली रांगोळी राहिली

पत्र इंदूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या, माहेर-सासर दोन्ही इंदुरातलंच. आजीकडून ठिपक्यांची रांगोळी शिकल्या, शेजारच्या माळवी काकूंकडून गेरू-खडीचे मांडणे, म्हणजे जमिनीवर काढायची तिकडची पारंपरिक चित्रं. लग्नानंतरही रोज सकाळी दारात रांगोळी आधी, चहा नंतर. "नेम कसला, हातच वळायचा." चार वर्षांपूर्वी बिल्डिंगमधल्या एका साखरपुड्यात त्यांची रांगोळी लोकांनी पाहिली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. आता महिन्याला सरासरी सात, प्रत्येकीचे सरासरी 2,800 रुपये. फ्लॅटच्या हप्त्यात या पैशांचा मोठा वाटा आहे. बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो पाठवून "दीदी, सेम टू सेम बना देना" म्हणतात, काम चालू असताना डोक्याशी उभी राहतात आणि शेवटी पैशांवरून घासाघीस करतात. घरी आल्यावर ताई फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात आणि झोपेपर्यंत लाइक मोजतात. दहा वर्षांची मुलगी पूर्वी शेजारी बसून ठिपके द्यायची. ताईंनी कौतुकानं तिला दर वेळी 50 रुपये द्यायला सुरुवात केली. आता "किती देशील?" विचारल्याशिवाय ती डब्याला हात लावत नाही.

यंदाच्या दिवाळीत ताईंनी स्वतःच्या दारात बाजारातलं प्लास्टिकचं रांगोळी-स्टिकर चिकटवलं. ते अजून तिथंच आहे. सासूबाई म्हणतात, कलेचा बाजार मांडला की सरस्वती रुसते. ताई विचारतात: ऑर्डरी बंद करू का? की मला मुळात खरी आवड नव्हतीच? खरी असती तर पैशानं गेली असती का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे (संजा म्हणजे माळव्यातल्या मुली श्राद्धपक्षात भिंतीवर शेणानं थापतात त्या आकृती): "श्राद्धपक्षात मुलीच्या हट्टापायी गॅलरीतल्या भिंतीवर संजा केली, तेव्हा मात्र दोन तास कसे गेले कळलं नाही. पण ते काय, खेळच."

ताई,

सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच करू या. पत्र संपवताना तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. ज्या हातांना रांगोळीचा कंटाळा आला असं तुम्ही म्हणता, त्याच हातांनी शेणाची आकृती थापली, तिच्यावर पाकळ्या बसवल्या, आणि दोन तास कळलेही नाहीत. संजा दुसऱ्या दिवशी खरवडून टाकायची असते, सोळा दिवसांनी सगळीच विसर्जित करायची असते. तिचे पैसे नाहीत, फोटो नाही. तरी माळव्यातल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या ती करत आल्या. तुमची आवड मेली असती, तर त्या दोन तासांत तुम्ही चार वेळा घड्याळ पाहिलं असतं. तेव्हा "खरी आवड नव्हतीच" ही शंका आपण इथंच बाजूला ठेवू. आवड आहे. ती कोणत्या परिस्थितीत वर येते आणि कोणत्या परिस्थितीत दबते, एवढंच पाहायचं आहे.

त्याआधी एक तपासणी मात्र करा. गोडी फक्त रांगोळीची गेली आहे, की जेवणाची, गाण्याची, बहिणीशी फोनवर बोलण्याचीही? दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज काहीच बरं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो रांगोळीचा प्रश्न नाही, नैराश्य असू शकतं. त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 या टेली मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. संजेच्या त्या दोन तासांवरून तुमचं तसं दिसत नाही, पण हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तसं असू शकेल. आणि शरीराचंही पाहा. चार-चार तास उकिडवं बसून गुडघे आणि कंबर बोलायला लागली की डबा पाहूनच नको वाटतं, आणि त्या नकोपणाला आपण "आवड गेली" असं नाव देतो. बुटका पाट घ्या, दर पंचवीस मिनिटांनी उठा, चाळणीनं रंग टाकताना तोंडाला रुमाल बांधा.

आता सासूबाईंचं म्हणणं. सरस्वती रुसते की नाही यावर मी काही बोलणार नाही, पण त्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. मानसशास्त्रज्ञांनी तेच प्रयोगशाळेत पाहिलं आहे. 1971 साली एडवर्ड डेसी या अमेरिकन संशोधकानं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सात तुकड्यांचं एक कोडं सोडवायला दिलं. तुकडे जोडून नेमून दिलेले आकार करायचे, मुलांना ते फार आवडायचं. तीन दिवस प्रयोग चालला. दुसऱ्या दिवशी एका गटाला प्रत्येक आकारामागे एक डॉलर दिला, दुसऱ्या गटाला काही नाही. खरी गंमत मधल्या आठ मिनिटांत होती. डेसी काही निमित्तानं खोलीबाहेर जाई, आतल्या विद्यार्थ्यानं वाटेल ते करावं, मासिकं पडलेली असत. विद्यार्थी त्या मोकळ्या वेळात कोड्याला हात लावतो का, हे बाहेरून पाहिलं जाई. ज्यांना पैसे मिळाले होते, त्यांचा हात तिसऱ्या दिवशी कोड्याकडे पहिल्या दिवसापेक्षा कमी वळला.

हा तिसरा दिवस तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. तिसऱ्या दिवशी पैसे बंद झाले होते. पैसे थांबले म्हणून गोडी आपोआप परतली नाही. उद्या तुम्ही सगळ्या ऑर्डरी बंद केल्यात, तर महिन्याचे 19,600 नक्की जातील, दारातली रांगोळी नक्की येईल असं नाही. हप्त्याच्या काळजीत बसून रांगोळी काढणं हेही एक ओझंच.

आणि पैसा सरसकट विष आहे असंही नाही. 1999 साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी अशा 128 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. आवडीच्या कामावर आधी कबूल केलेलं, "हे केलंस तर ते देईन" अशा थाटाचं बक्षीस लावलं, तर त्या कामाची आपसूक ओढ कमी होते. अवचित मिळालेल्या बक्षिसानं तसं होत नाही. मुळातच कंटाळवाण्या कामावर पैसे दिले तर ओढ कमी होण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती नव्हतीच. आणि काम कुठं चांगलं जमलं हे सांगणारी शाबासकी मोठ्यांची ओढ उलट वाढवते. पैशापेक्षा पैशाचं रूप महत्त्वाचं, ते असं. तो "तू माझ्या ताब्यात आहेस" असं सांगत येतो, की "तुला हे जमतं" असं सांगत? तुमच्या डोक्याशी उभं राहून "दीदी, थोडा जल्दी" म्हणणारं आणि शेवटी पाचशे कापणारं गिऱ्हाईक काय सांगतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक.

एखादं काम करतानाच सुख का देतं, याचा खुलासा डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे तीन गरजांत केला: आपण ठरवलं म्हणून करतोय ही जाणीव, आपल्याला जमतंय आणि वाढतंय ही जाणीव, आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. संजेचे दोन तास या तिन्हींवर लावून पाहा. सूर्य कुठं, चंद्र कुठं, बैलगाडी की पाळणा, हे तुमचं तुम्ही ठरवलंत. शेण भिंतीला धरतं की नाही, पाकळी टिकते की गळते, क्षणात कळत होतं. शेजारी मुलगी होती. आता "सेम टू सेम" मोर काढतानाची संध्याकाळ लावा. रेषा दुसऱ्याची, रंग दुसऱ्याचे, हात तुमचा, आणि तुम्ही एकट्या अनोळखी घराच्या उंबऱ्यावर. तिन्ही भांडी रिकामी. पैसे मिळाले नसते तरी अशा संध्याकाळीनं गोडी घालवलीच असती.

दुसऱ्या गरजेत, जमतंय आणि वाढतंय यात, तुमचा एक वेगळाच पेच आहे. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, सर्जन, चित्रकार अशा माणसांना विचारून पाहिलं की तहानभूक विसरायला लावणाऱ्या त्या तंद्रीत नेमकं काय असतं. कामाची अवघडी आणि हाताचं कसब जिथं जेमतेम जुळतात, तिथं ती लागते. काम सोपं झालं की कंटाळा, फार अवघड झालं की धास्ती. तुमच्याकडे एकाच संध्याकाळी दोन्ही आहेत! कमळ, मोर, कलश, गणपती यांच्या त्याच त्या आकृती शंभरदा काढून हाताला त्यांत काही उरलेलं नाही, म्हणून कंटाळा. आणि पाहुणे सातला येणार, साडेसहा वाजले, म्हणून धास्ती. पंधरा वर्षांच्या असताना 15 ते 8 ठिपक्यांची रांगोळी पहिल्यांदा चुकली असेल, तेव्हा तुम्ही ती पुसून पुन्हा मांडली असेल. 169 ठिपके, एक ओळ सरकली की सगळी जाळी कोलमडते. चार वर्षांत तुम्ही असं काही चुकला आहात का? गिऱ्हाइकाच्या दारात चुकायची मुभा नसते, म्हणून तिथं नवीन काही करायची हिंमत होत नाही, आणि नवीन काही न करता वर्षं गेली की ओढ आटते. रांगोळी तशी या तंद्रीसाठी फार सोयीची कला आहे. चिमूट जाड सुटली की बारीक, हे बोटांना त्याच क्षणी कळतं, कुणाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ती सोय तुमच्या हाताशी अजून आहे, फक्त तिच्यापुढे कोडं राहिलेलं नाही.

लाइकांचं थोडक्यात सांगता येईल. मेंदूत एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर सुख वाटणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या केंट बेरिज यांच्या कामातून पुढे आलं. कधी वीस, कधी दोनशे, असं अनिश्चित मिळणारं काही असलं की पहिली यंत्रणा चेकाळते. म्हणून रात्री अकराला फोन उचलावासा वाटतो, आणि उचलून ठेवल्यावर बरं मात्र वाटत नाही. फोटो रविवारी एकदाच टाका, आठवड्याचे सगळे एकत्र. लाइकचा आकडा लपवायची सोय त्या ॲपच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. ऑर्डरी फोटो पाहून येतात, लाइक पाहून नव्हे.

तर मग काय करायचं? ऑर्डरी बंद करणं मला पटत नाही, आहे तसं चालू ठेवणं तर अजिबात नाही. सुचवायचं आहे ते असं: ऑर्डरींच्या अटी बदला, आणि दाराची रांगोळी ऑर्डरींपासून पूर्ण तोडून वेगळी वाढवा. दोन्ही एकदम सुरू करा, कारण पहिल्यातून वेळ निघाला नाही तर दुसरं उभं राहणार नाही.

अटींमध्ये मुख्य बदल एकच. "सेम टू सेम" हा स्वस्त पर्याय ठेवू नका, महाग करा. आज तुम्ही नकलेला आणि स्वतःच्या कल्पनेच्या कामाला एकच दर लावता. नक्कल करायला मन मारावं लागतं, त्याची किंमत घ्या: सरासरीच्या सव्वापट, म्हणजे 3,500, आणि महिन्यात अशा दोनच. मोकळी ऑर्डर, ज्यात गिऱ्हाईक प्रसंग, जागेचं माप आणि दोन आवडते रंग सांगेल व बाकी तुम्ही ठरवाल, ती 3,000. महिन्यात तीन. आणि एखादी साध्या छाप्याची-जाळीची, तासाभरात होणारी, 2,000. सहा ऑर्डरींचे 18,000 होतात. आजच्या 19,600 पेक्षा 1,600 कमी, पण एक अख्खी संध्याकाळ मोकळी. हप्त्याला एवढीही कपात सोसत नसेल, तर छाप्याच्या दोन घ्या, 20,000 होतील. छाप्याचं काम मजुरी समजूनच करा, कानात गाणी लावा, त्यात जीव ओतायचा प्रयत्न करू नका. प्रत्येक कामावर प्रेम असलंच पाहिजे हा दंडक कलाकारांनाच का?

मोकळ्या ऑर्डरीला गिऱ्हाईक घाबरतं, कारण काय मिळेल ते त्याला दिसत नाही. म्हणून "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नका. तुमच्या जुन्या कामांतले सहा फोटो दाखवा आणि विचारा, "यातला कोणता तुमच्या घरासारखा वाटतो?" दोन कच्चे आराखडे वहीत पेन्सिलीनं काढून पाठवा, तिसरा नाही. तीन झाले की चौथा मागतात. जागेचं माप फुटांत लिहून घ्या, फरशी गुळगुळीत आहे की खडबडीत तेही.

पैसे निम्मे ठरवताना, उरलेले काम सुरू व्हायच्या आधी. हा हिशेबाइतकाच मनाचाही मुद्दा आहे. पैसे शेवटी मिळणार असले की चार तास प्रत्येक रेषेमागे "यांना पटेल ना?" चालू राहतं, आणि ज्या क्षणी तुम्ही मान वर करून काम पाहणार, त्याच क्षणी घासाघीस सुरू होते. ती आधीच संपली असली की चिमूट तुमची राहते. आणि निघताना "कशी झाली?" विचारलंत तर "बढ़िया" एवढंच मिळेल, त्यात कळण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी विचारा, "नजर पहिली कुठं जाते?" या प्रश्नाचं उत्तर माणसं खरं देतात, आणि तुम्हाला तुमच्या कामाबद्दल काहीतरी नवीन कळतं.

आता दार. सहा आठवडे एवढंच करा: रोज नाही, आठवड्यातून चार दिवस, पंधरा मिनिटं, दीड फूट बाय दीड फूट जागा, पांढरी रांगोळी आणि फार तर एक रंग. चार दिवस कोणते, ते त्या-त्या सकाळी ठरवा. तुमची टाइल गुळगुळीत असेल तर तेवढ्या जागेवर किंवा एका कोटा दगडाच्या फरशीवर गेरूचा हात फिरवून घ्या, मांडण्याला घेतात तसा. पांढरी रेषा त्यावर उठूनही दिसते आणि घसरतही नाही. नियम तीन. ऑर्डरीत काढलेली कुठलीही आकृती इथं काढायची नाही. फोटो काढायचा नाही. संध्याकाळी पुसायची. पुसली जाणार हे ठाऊक असलं की हात चुकायला मोकळा होतो.

अवघडी मात्र वाढत गेली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात हेही बेचव होईल. पहिल्या आठवड्यात 7 ते 4, म्हणजे 37 ठिपके. मग 9 ते 5, म्हणजे 61. ठिपक्यांत दोन इंच अंतर ठेवलं तर दीड फुटात बरोबर मावतात. तिसऱ्या आठवड्यापासून एक कोडं घ्या. सरळ ओळींत ठिपके मांडा, 3 बाय 4. ठिपक्यांच्या मधून तिरकी रेषा न्या, कडेला आली की शेवटच्या ठिपक्याला वळसा घालून परत फिरवा, चिमूट उचलायची नाही. सगळ्या ठिपक्यांना वेढून ती एकच रेषा सुरुवातीच्या जागी येऊन मिळते. आता 4 बाय 4 करून पाहा: एका रेषेत होत नाही, चार वेगळी वेटोळी लागतात. 4 बाय 6 ला दोन. 5 बाय 6 ला पुन्हा एकच. असं का, ते मुलीला शोधू द्या. तिनं शाळेत मसावि शिकला असेल किंवा लवकरच शिकेल. दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांचा मसावि जेवढा, तेवढी वेटोळी. पण हे तिला आधी सांगू नका. चार-पाच मापं काढून तिनंच कोष्टक केलं, तर तो आनंद कुठल्याही पन्नास रुपयांत बसत नाही. 1950 च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिंजऱ्यात कड्या-खिट्ट्यांचं कोडं ठेवलं होतं. खाण्याचं आमिष न दाखवताही माकडं दिवसेंदिवस ते उघडत बसली, आणि बक्षीस म्हणून खाणं आलं तेव्हा चुका वाढल्या. उलगडण्याचं सुख फार जुनं आहे, माणसाच्याही आधीचं.

मुलीकडे आलोच आहोत. तुमच्या हातून फार मोठं काही बिघडलेलं नाही, अपराधी वाटून घेऊ नका. पण घडलं ते मात्र अगदी ओळखीचं आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, "काढलंस तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र देऊ." काहींना काढून झाल्यावर अवचित दिलं, काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं मोकळ्या वेळात त्या स्केचपेनांशी इतरांच्या साधारण निम्माच वेळ रमली. मूल मनात हिशेब मांडतं: ज्याचे पैसे द्यावे लागतात, ते काम असणार. खेळायचे कुणी पैसे देतं का?

पैसे एकदम तोडलेत तर ती शिक्षा वाटेल. तिला बसवून सांगा की कामाचे पैसे मिळतील, खेळाचे नाही, आणि काम कोणतं ते नावानिशी सांगा: चाळण्या धुणं, रंग चाळून डबे भरणं, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं. ही कंटाळवाणी कामं आहेत, त्यांचे 50 रुपये जरूर द्या. ठिपके आणि रेषा मात्र त्यात नकोत. त्यासाठी तिला दाराचा उजवा कोपरा देऊन टाका, एक फूट बाय एक फूट, आणि तिथं ती काय काढते त्यात बोलू नका. वाकडं झालं तरी दुरुस्त करू नका, हे तुमच्यासारख्या तयार हाताला जड जाईल. पहिले दोन-तीन आठवडे तो कोपरा रिकामा राहील असं धरून चाला. पैसे सुरू असताना आटलेली ओढ ते थांबल्या दिवशी उसळत नाही. शाबासकी देताना "किती हुशार गं माझी बाई" टाळा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवलं की हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं पुढे अवघड कोडी टाळतात, कारण हुशारी उघडी पडायची भीती वाटते. त्यापेक्षा जे दिसलं ते बोला: "ही ओळ तू पुसून पुन्हा घेतलीस ना? आता सरळ आली."

सहा आठवड्यांत तीन गोष्टी बिघडतील, आधीच सांगून ठेवणं बरं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ही सवय नेम बनू लागेल, चार दिवसांचे सलग सहा कराल, मग एक चुकला की स्वतःवर चिडाल. चिडलात की दोन दिवस मुद्दाम सोडा. दुसरं, घरातलं किंवा बिल्डिंगमधलं कुणीतरी म्हणेल, "अगं, फोटो तरी काढ, याची ऑर्डर येईल." प्रेमानंच म्हणतील. दारातल्या आकृती एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवा आणि तीन महिने ती वही धंद्याच्या जवळ आणू नका. नंतर त्यातलं एखादं मोकळ्या ऑर्डरीत आलं तर चालेल, तेव्हा ते तुम्ही निवडलेलं असेल. तिसरं, पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही. हात चालेल, मन कोरडं राहील. चार वर्षं या हालचालीपाठोपाठ घड्याळ आणि घासाघीस आली आहे, शरीर अजून तेच धरून असतं. म्हणून जागा, माप, वेळ, रंग सगळं धंद्यापेक्षा वेगळं ठेवायचं. जमलं तर एक दिवस शेजारणीला सोबत बोलवा, शिकवायला नव्हे, दोघींनी मिळून एक चुकीची रांगोळी काढायला.

सहा आठवड्यांनी आनंद झाला का, असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर मनाच्या लहरीप्रमाणे बदलतं. डेसींचीच पद्धत वापरा. एखादी मोकळी दुपार घ्या, ऑर्डर नसलेली. रांगोळीचा डबा, शिवणाचं काही, एखादं मासिक, टीव्हीचा रिमोट, सगळं हाताशी ठेवा, काहीही ठरवू नका. हात कुठं वळतो ते पाहा. दोन-तीन दुपारी असं करा. डब्याकडे वळला, तर अटी आहेत तशा चालू ठेवा आणि मोकळ्या ऑर्डरींचा वाटा हळूहळू वाढवा. नाहीच वळला, तरीही काही हरवलं असं समजू नका. मग रांगोळी हा तुमचा चांगला व्यवसाय आहे, त्याचे दर नीट घ्या आणि खेळ दुसरीकडे शोधा. कदाचित तो शेणात आणि पाकळ्यांत असेल, गेरूच्या मांडण्यांत असेल.

आणि ते स्टिकर ओढून काढू नका, अर्धं फाटून राहतं. हेअर ड्रायरनं अर्धा मिनिट गरम करा, कोपऱ्यातून सावकाश सोडवा, राहिलेल्या चिकट डागावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी जुन्या कपड्यानं पुसा. मग साबणाच्या पाण्यानं दोनदा धुऊन फरशी पूर्ण कोरडी होऊ द्या. तेलकट जागेवर रांगोळीची बारीक रेषा धरत नाही.